सात नाण्यांचा माणूस आमच्या धुऱ्यावर

मागच्या वर्षी दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी रोजच्यासारखं टॅरोच्या, म्हणजे लोक भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांतलं एक पान काढलं. नाण्यांची सत्ती निघाली. एक जवान शेतकरी कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकवून उभा आहे. समोर हिरवं झुडूप आहे. झुडपाला सहा पिवळी नाणी लागली आहेत आणि सातवं त्याच्या पायाशी आहे. माझ्या वहीत या पानापुढे भाचीनं तीन शब्द लिहून दिले होते: धीर, गुंतवणूक, आढावा. तीन महिने मी ते शब्द पाठ म्हणत होते, पण त्या पानाची आणि माझी काही ओळख होत नव्हती.

दहा वाजता भाकरी घेऊन वावरात गेले. आमचे हे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. हातात काठी, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. समोर कपाशीची पऱ्हाटी, खालची बोंडं फुटलेली, वरची अजून हिरवी. मी मागून आले ते त्यांना कळलंच नाही. मीही हाक मारली नाही. डबा खाली ठेवून तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पहिल्या येच्यात दोन क्विंटल निघन वाटते. बाकीचं देवाच्या हाती."

त्या दिवशी मला ते पान कळलं. कष्ट करून झाले आहेत, पण माल घरात आलेला नाही. पायाशी एकच नाणं आहे, बाकीची सहा झाडावर आहेत, आणि झाडावरचं नाणं आपलं नसतं. बोंडअळी येते, परतीचा पाऊस येतो, माल बाजारात नेईपर्यंत भाव उतरतो. तो माणूस आळसानं उभा नाही. वावरात काय घातलं आणि वावरानं काय दिलं, याचा हिशेब तो मनात मांडतो आहे. संध्याकाळी मी वहीतले तीन शब्द खोडले आणि लिहिलं: "धुऱ्यावरचा माणूस. अजून वेचा व्हायचा आहे."

टॅरो शिकायला लागून मला आता दीड वर्ष होत आलं. अजून मी शिकाऊच आहे. पण एवढ्या दिवसांत जे हाती लागलं ते लिहून ठेवावं असं वाटलं, कारण गावात राहून हे शिकणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही.

मी शिवणकाम करते. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे. ओसरीत माझी मशीन. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, जूनच्या आधी शाळेचे गणवेश. सोळा वर्षं हे काम करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. बाईचं माप घेताना मी तिच्या मागे उभी असते, टेप पाठीवर असते, आणि त्या दोन-तीन मिनिटांत बाया असं काही बोलून जातात जे समोरासमोर कधी बोलणार नाहीत. "वैनी, बाही जरा लांब ठेवजा," एवढंच म्हणतात, आणि मग दंडावरचा काळानिळा डाग दिसतो. मी काय बोलणार? "होईन सगळं बरं," म्हणायची आणि कागदावर आकडा लिहायची. ते उत्तर खोटं आहे हे मलाही कळायचं आणि त्यांनाही.

नणंदेची मुलगी नागपूरला कॉलेजात शिकते. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात ती आठ दिवस आली तेव्हा तिच्या पिशवीत हे पत्ते होते, तिथल्या बर्डीच्या बाजारातून घेतलेले. रात्री अंगणात बाजेवर बसून तिनं मला एक पान काढायला लावलं. बैरागी निघाला, नवव्या नंबरचा. राखाडी झगा, एका हातात कंदील, एका हातात काठी, मान खाली. ती मोबाइलमध्ये बघून अर्थ सांगायला लागली तर मी म्हटलं, थांब. हा माणूस कंदील स्वतःसाठी धरून नाही राहिला. स्वतःसाठी धरला असता तर खाली, पायापाशी धरला असता. हा वर धरून आहे, म्हणजे मागून येणाऱ्याला दिसावा. रात्री वावरात पाणी ओलायला गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. भाची माझ्याकडे बघतच राहिली. जाताना म्हणाली, "मामी, हे तुम्हीच ठेवा."

पण नंतर मी चूक केली. पानाकडे बघायचं सोडून मी पाठांतर करायला लागले. डब्यात इंग्रजी पुस्तिका होती, ती शब्दकोश घेऊन दीड महिना उतरवली. अठ्ठ्याहत्तर पानं, प्रत्येकाचे सुलटे अर्थ, उलटे अर्थ. मशीनच्या पायडलवर पाय आणि तोंडानं "पेल्यांची तिर्री, आनंद, उत्सव, मैत्रिणी." नव्यानं शिकणाऱ्याला मी कळकळीनं सांगेन, हे करू नका. पाठ केलेला शब्द वेळेवर आठवतो, पण समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघायचं राहून जातं. उलटी पानं तर पहिलं वर्षभर बाजूलाच ठेवा. उलटं आलं तर सुलटं करून घ्या, पान रागवत नाही.

नुसती मांडणी समजून घेतली की निम्मं ओझं उतरतं. बावीस मोठी चित्रं आणि छपन्न लहान पानं. लहान पानांचे चार रंग: काठ्या, पेले, तलवारी, नाणी. प्रत्येकात एक्क्यापासून दस्सीपर्यंत दहा, आणि हुजऱ्या, घोडेस्वार, राणी, राजा असे चार. आमच्या पारावर रोज दुपारी पत्त्यांचा डाव बसतो, त्यामुळे रंग आणि हुकूम गावात कोणाला शिकवावे लागत नाहीत. टॅरो मुळात तेच होतं, खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत चार रंगांच्या पत्त्यांना चित्रांची जादा पानं जोडली गेली, आणि ती चित्रं म्हणजे कायमचे हुकूम होते, बाकी सगळ्या रंगांना मारणारे. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरो खेळतात, भविष्याचा काही संबंध नाही. भविष्य आलं ते तीनेकशे वर्षांनंतर. १७८१ साली कूर द जेब्लँ नावाच्या एका फ्रेंच विद्वानानं लिहिलं की ही चित्रं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. त्याला कसलाच पुरावा नव्हता, पण गोष्ट लोकांना आवडली आणि चिकटली. खेळायचे साधे पत्ते मात्र युरोपात मुस्लिम देशांतूनच पोचले. इजिप्तच्या मामलुक राज्यातल्या पत्त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या असत. युरोपातल्या लोकांना पोलो माहीत नव्हता, म्हणून त्या काठ्यांच्या साध्या सोट्या झाल्या. हे वाचल्यावर माझ्या मनावरचं दडपण गेलं. ही चित्रं माणसांनी काढलेली आहेत, तर माणसानं ती बघून समजून घ्यायला हरकत नाही.

आणि माझ्या हातातला संच ज्या बाईनं काढला तिच्याबद्दल कळलं तेव्हा तर मी दिवसभर तिचाच विचार करत होते. पामेला कोलमन स्मिथ. १८७८ चा जन्म. लंडनच्या रायडर कंपनीनं १९०९ च्या डिसेंबरात हे पत्ते बाजारात आणले, कल्पना आर्थर वेट नावाच्या अभ्यासकाची, आणि चित्रं सगळी हिची. त्याआधीच्या बहुतेक संचांत पेल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले छापलेले असत. हिनं लहान पानांतही माणसं आणली, त्यांना काम दिलं, दुःख दिलं, मागे डोंगर-नदी दिली. म्हणून तर माझ्यासारखीला ती पानं वाचता येतात. त्याच वर्षी एका ओळखीच्या छायाचित्रकाराला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की एक मोठं काम नुकतंच उरकलं, पण पैसे फार थोडे मिळाले. पुढे कित्येक वर्षं या पत्त्यांना रायडर-वेट म्हणत, म्हणजे छापणाऱ्याचं नाव आणि सांगणाऱ्याचं नाव. जिच्या हातानं झालं तिचं नाव नाही. १९५१ साली ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

मला हे वाचून रडू आलं, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून मी ब्लाउज शिवते, आणि लग्नात विचारलं की बाई सांगते, "वर्ध्याहून शिवून आणला." पण पामेलानं एक केलं. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिनं आपल्या नावाची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून एक वेलीसारखी खूण काढून ठेवली. सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून मी ती शोधते. कुठे गवतात असते, कुठे फरशीच्या कडेला. नवीन पान हातात आलं की आधी तिची खूण बघायची आणि मग बाकीचं, ही माझी सवय झाली आहे.

(१९०९ हेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचंही जन्मवर्ष. यावली इथून फार लांब नाही. याचा त्याच्याशी काही संबंध नाही हे मला माहीत आहे, तरी ते वर्ष मला जवळचं वाटतं.)

मग मी ठरवलं की एकेक पान गावात शोधायचं. सापडलं की वहीत नोंद करायची, नाही सापडलं तर थांबायचं. यात घाई केली नाही. काही पानं एका दिवसात सापडली, काही अजून सापडलेली नाहीत.

नाण्यांच्या पंजीनं मला फार दिवस अडवलं. बर्फ पडतो आहे, दोन फाटकी माणसं, एक कुबड्यांवर, आणि वर रंगीत काचेची उजेडाची खिडकी. बर्फ मी आयुष्यात पाहिलेला नाही. नुसतं "दारिद्र्य" लिहून मोकळं होता आलं असतं. पण सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात आम्ही मोठ्या दवाखान्याच्या आवारात अकरा रात्री काढल्या होत्या, जानेवारीचा महिना, खाली पोतं आणि अंगावर एक चादर, आणि डोक्यावर वॉर्डाच्या खिडकीत रात्रभर पांढरा उजेड. ते पान तिथलं आहे. आत उजेड आहे आणि आपण बाहेर आहोत. तेव्हा आम्हाला कोणीतरी सांगितलं की नातेवाइकांना झोपायला धर्मशाळा आहे, अगदी मागच्या फाटकाजवळ. अकराव्या रात्री सांगितलं. आता हे पान निघालं की मी बाईला विचारते, "दार कुठं आहे ते कोणाला विचारलं का तुम्ही?"

काठ्यांची दस्सी तर रोज दिसते. दहा काठ्यांचा भारा कवटाळून एक माणूस वाकून चालला आहे, गाव समोर दिसतं आहे. पुस्तिकेत "जबाबदारीचं ओझं" लिहिलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे बाया पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे भारे घेऊन येतात, चुलीसाठी. मी त्या बायांकडे आणि पानाकडे पाळीपाळीनं बघितलं तेव्हा फरक दिसला. आमची बाई भारा डोक्यावर घेते, खाली चुंबळ ठेवते, मान सरळ, रस्ता दिसतो, एक हात मोकळा. पानातल्या माणसानं भारा तोंडासमोर धरला आहे. त्याचं डोकं त्यात बुडालं आहे, त्याला पुढचं गाव दिसतच नाही. ओझं दोघांचंही तेवढंच. मला हे कोणत्याही पुस्तिकेत मिळालं नाही, आणि मला ते पटतं. अंगणवाडीत काम करणारी एक ताई आली होती, घर, सर्व्हे, मीटिंग, सासऱ्याचं आजारपण, सगळं एकदम अंगावर. तिला हेच पान आलं. मी पान तिच्या हातात दिलं आणि विचारलं, इथं आपल्याकडची बाई असती तर तिनं हा भारा कसा नेला असता? ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आधी खाली ठेवला असता. बांधून घेतला असता नीट." आणि जाताना तिनं स्वतःच सांगितलं की सासऱ्यांच्या गोळ्यांचं आजपासून दिराच्या मुलाला लावून देते.

मृत्यूचं पान, तेरावं. ते निघालं की बाया पदर तोंडाला लावतात. मी ते लपवत नाही आणि "याचा अर्थ फक्त बदल" असंही म्हणत नाही. ज्या घरात माणूस गेला आहे त्या घरातल्या बाईला तसं सांगणं मला जमत नाही. मी चित्र दाखवते. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे. राजा खाली पडला आहे. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एका पोरीनं तोंड फिरवलं आहे. आणि एक लहान लेकरू गुडघ्यावर बसून थेट घोड्याकडे बघतं आहे. चौघं चार तऱ्हांनी. मग विचारते, यातलं तुम्ही कोण? एवढ्यावर बोलणं सुरू होतं.

आता ती गोष्ट लिहिते जी लिहायची म्हणून हा लेख तीन वेळा सुरू करून सोडला होता.

शिकायला लागून चार महिने झाले होते. हात जरा सैल झाला होता आणि बाया ब्लाउज न्यायला आल्या की पान काढून मागायला लागल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. काकूंनी विचारलं, "सगळं नीट पार पडन का वो?" मी तीन पानं मांडली. मधलं निघालं बुरूज, सोळावं. काळं आभाळ, वीज पडलेली, वरचा मुकुट उडालेला, खिडक्यांतून आग, दोन माणसं डोकं खाली होऊन पडताहेत. मी पाठ केलेलं बोलले. म्हटलं, "काकू, काहीतरी कोसळणार आहे."

काकू काही न बोलता उठल्या. ब्लाउज तिथंच राहिला. दोन दिवस त्यांनी जेवण केलं नाही हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. त्यांनी घरात सुतकाचं निमित्त काढून साक्षगंध महिनाभर पुढे ढकललं. मुलगी माझ्या ओसरीत येऊन उभी राहिली, रडून डोळे सुजलेले, आणि म्हणाली, "वैनी, तुम्ही आईला काय सांगितलं?"

मला त्या रात्री झोप आली नाही. एका माणसाच्या भीतीवर मी माझं नवं शिकलेलं ठेवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरी गेले. पाया पडले. म्हटलं, "काकू, मले भविष्य समजत नाही. मी जे बोलली थे माझ्या तोंडचं होतं, पत्त्याचं नाही. मले माफ करा." आणि मग जे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "पण तुमाले काय कोसळन असं वाटून राहिलं?"

काकू दार लोटून घेऊन बसल्या. मुलाकडच्यांनी मध्यस्थामार्फत गुपचूप मोटारसायकल मागितली होती. काकूंनी हो म्हणून टाकलं होतं आणि काकांना सांगितलं नव्हतं. गळ्यातलं मोडायचं मनात होतं. तीन आठवडे ही बाई ते एकटीनं घेऊन फिरत होती. पानाला हे माहीत होतं असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. बुरुजाऐवजी दुसरं कोणतंही पान निघालं असतं तरी ती भीती तिथंच होती. मला फक्त ऐकायला बसायचं होतं, आणि मी सांगायला बसले होते. त्या रात्री काकूंनी काकांना सांगितलं. काका मुलाच्या वडिलांकडे स्वतः गेले, बोलणं झालं, मोटारसायकलचा विषय संपला, लग्न झालं. मुलीच्या लग्नातले सगळे ब्लाउज मी शिवले आणि शिलाई घेतली नाही.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर काही गोष्टी लिहिल्या आहेत. आजारपणावर पान काढायचं नाही. छातीत दुखतं म्हणणाऱ्याला पत्ते दाखवायचे नाहीत, गाडी बघायची आणि दवाखान्यात न्यायचं. हरवलेल्या वस्तूवर नाही, चोर कोण यावर तर कधीच नाही, त्यातून गावात डोकी फुटतात. समोर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे यावर नाही. पैसे घ्यायचे नाहीत. आणि पेरणीवर नाही.

पेरणीचं लिहायलाच हवं, कारण मृग लागला की विचारणारे येतातच. आमच्या विदर्भात चिन्हं वाचायची सवय जुनी आहे. नंदीबैलवाला येतो, "पाऊस पडन का रे?" विचारतो आणि नंदी मान हलवतो. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. वावरात गोल करून अठरा धान्यं ठेवतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांच्यावर घागर, राजासाठी पान-सुपारी. रात्रभर तिथं कोणी जात नाही. पहाटे कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ किती विरघळलं हे बघून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. दुसऱ्या दिवशी आमचे हे पेपरात तेच आधी वाचतात. लहानपणापासून मीही ऐकत आले. मला त्या मांडणीची ओढ वाटते, धान्याला आणि ढेकळाला अर्थ देणाऱ्या माणसांबद्दल माया वाटते. पण बियाण्याची पिशवी फोडायची की नाही हे धान्याच्या सरकण्यावर ठरवू नये, आणि माझ्या पत्त्यांवर तर मुळीच नाही. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणी काय असते ते आमच्या घरानं दोनदा पाहिलं आहे. म्हणून कोणी विचारलं की मी म्हणते, "भाऊ, ओल किती गेली ते हात घालून पाहा."

गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तिथले एक जुने आजोबा, ज्यांनी उभं आयुष्य बुवाबाजीविरुद्ध बोलण्यात घालवलं, एके दिवशी काठी टेकत ओसरीत आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, "सूनबाई, ऐकलं थे खरं आहे काय? भविष्य सांगून राहिली म्हणे तू. जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला आहे २०१३ साली, माहीत आहे ना?" मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. मी वही त्यांच्या हातात दिली, पहिलं पान उघडून. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग पत्ते मागितले, एकेक करून सगळे पाहिले, अर्धा तास गेला असेल. न्यायाच्या पानावर थांबले, अकरावं, एका हातात तलवार आणि एका हातात तराजू. म्हणाले, "हिच्या डोळ्यावर पट्टी नाही." मी म्हटलं, "नाही आजोबा, ही पाहून न्याय करते." ते हसले नाहीत, पण पान हातात धरून बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "चित्रं दाखवून बोलतं करतेस, तर कर. ज्या दिवशी कोणी तुझ्या पाया पडन, त्या दिवशी बंद कर." तेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

दीड वर्षात सगळ्यात जास्त वेळ मी प्रश्न शिकण्यात घालवला. "माझं चांगलं कधी होईन?" या प्रश्नाला पत्त्यांत उत्तर नसतं. तोच प्रश्न मी बाईबरोबर बसून फिरवते, पुन्हा फिरवते. कधी तासभर लागतो. "नवरा दारू कधी सोडन?" हा प्रश्न एका बाईनं आणला होता. शेवटी तो इथं येऊन पोचला, "मी माहेरी सांगायला कायले भेते?" त्या प्रश्नावर आम्ही पान काढलंच नाही. गरज उरली नव्हती. दहा पानांची मोठी मांडणी असते, केल्टिक क्रॉस म्हणतात, ती मला अजून नीट येत नाही. मी तीनच पानं मांडते, आणि पुष्कळदा एकच.

सासूबाई वर्षभर यापासून लांब होत्या. "पोट्टीचे पत्ते" म्हणायच्या आणि कूस बदलून झोपायच्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. यंदा श्रावणात एका रात्री लाइट गेली होती, पाऊस लागून होता, मी बॅटरी लावून पत्ते नीट लावत बसले होते. बाजेवरून आवाज आला, "मले एक दे."

मी पत्ते पिसून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी मधून एक ओढलं. तलवारींची छक्की. एक नाव आहे, नावाडी उभा राहून बांबूनं ढकलतो आहे, पुढे एक बाई डोक्यावरून ओढून बसलेली आणि तिच्याजवळ लेकरू. तिघांचीही पाठ आपल्याकडे. नावेत समोर सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. एका बाजूचं पाणी हललेलं, दुसऱ्या बाजूचं शांत. मी काहीच बोलले नाही.

सासूबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. "हे बाई मागं पाहून नाही राहिली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "ह्या तलवारी कायले नेऊन राहिली सोबत?"

"तुमाले काय वाटते, आई?"

त्यांचं माहेर वर्धा नदीच्या काठी होतं. निम्न वर्धा धरणाच्या बुडितात ते गाव गेलं. हे मला माहीत होतं, पण एवढंच माहीत होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्या गावाबद्दल त्यांनी कधी एक वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

"घरचं असन," त्या म्हणाल्या. "घरचं कोनी टाकून जाते काय? भावानं कवेलू काढले, मयाली काढली. मी गेली होती चार दिवस, काढू लागाले. सारे म्हणे, बाई, नव्या जागी सिमेंटचं होते, हे लाकूड कायले. पण दाराची चौकट मी नाही ठेवू देली. त्या चौकटीवर मायनं आमच्या साऱ्याइच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या कोयत्यानं. पाच खुणा. माही सगळ्यात खाली, मी लहानी होती."

"मग कुठं आहे ते चौकट?"

"भावाच्या गोठ्याले लावली आहे. तिकडं, नव्या गावात."

पाऊस थांबला नव्हता. त्यांनी पान परत दिलं नाही, उशीखाली ठेवलं. सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "तुह्या टेपनं माहं माप घे बरं. त्या खुणेपासून किती वाढली थे पाहाचं आहे."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी आर्वीहून एसटीनं त्या गावी गेलो. टेप मी पिशवीत घेतली होती.